पोह्याएवढा टाका

रोह्याच्या आमच्या घरमालकीण काकींची गोष्ट मी पेणमध्ये इतक्या वेळा सांगितली आहे की रामवाडीतल्या निम्म्या लोकांना ती पाठ झाली असेल. लग्नाची पंगत असो, गणपतीचं जागरण असो, कंपनीतला निरोप समारंभ असो, चार माणसं जमली की कोणीतरी म्हणायचं, "ती धोतराची होऊ द्या." मग मी घसा साफ करायचो.

गोष्ट अशी. मी रोह्याला भाड्याने राहत होतो तेव्हा आमच्या घरमालकिणीला गोधड्या शिवायचं वेड होतं. गळ्यात नाडीने कात्री अडकवून ती म्हातारी भाडेकरूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर नजर ठेवून असायची. माझी मुलगी जन्मली आणि त्याच दिवसांत माझ्या वडिलांचं तलम धोतर आमच्या दोरीवर वाळत होतं. म्हातारीने ते ओढलं, कराकरा कापलं आणि बाळाची गोधडी केली. मी कुंडलिकेच्या काठापर्यंत तिच्यामागे धावलो, ओरडत, "अहो, पोरीसाठी कोणी धोतर फाडतं का?" या वाक्याला लोक हमखास हसायचे. मी ते जरा नाकात बोलायचो.

ही गोष्ट खोटी आहे. काकी खऱ्या, कात्री खरी, धोतरही खरं. बाकीचं मी जोडलेलं. काकी तेव्हा म्हाताऱ्यासुद्धा नव्हत्या. आज आहेत, पण त्यांच्यासमोर तसं म्हणायची माझी हिंमत नाही.

खऱ्या काकी सांगायच्या तर कपड्यांपासूनच सुरुवात करावी लागते, कारण त्या माणसाच्या तोंडाकडे बघतच नाहीत. कोण येऊन गेलं असं विचारलं तर म्हणतील, "निळ्या चौकटीवाला आला होता." बाजारात अनोळखी बाईचा पदर दोन बोटांत धरून त्या सरळ विचारायच्या, "काय गो, ही साडी कधी टाकणार?" एकदा त्या आमच्याबरोबर कोणाच्या तरी दुःखाला भेटायला आल्या होत्या. सगळे माना खाली घालून बसले होते आणि काकींची नजर परसातल्या दोरीवर. बाहेर पडल्यावर मला म्हणाल्या, "गेलेल्याचे दोन सदरे सुती हायत. तेरावा झाला की विचारीन." विचारलंही त्यांनी. त्या घरच्यांनी दिलेही, आणि गोधडी घरी आली तेव्हा गेलेल्याची बायको तिला उराशी धरून बसली होती. काकींना ते पाहून काही वाटलेलं दिसलं नाही. त्या त्या घरातल्या पडद्यांकडे बघत होत्या.

कपडा सुती आहे की नाही हे बघायला काकी त्याचा एक धागा उपसून काडेपेटीच्या काडीने जाळतात. राख झाली तर कपडा पास. गोळा झाला तर "प्लास्टिक" म्हणून परत तोंडावर. यात माझ्या बायकोच्या एका बऱ्या साडीला भोक पडलेलं आहे. ती साडी कोणी द्यायला काढलीच नव्हती, ती नेसून बायको नुसती चहा प्यायला गेली होती.

पण काकींचा खरा विक्षिप्तपणा तुकडे मांडताना दिसतो. प्रत्येक तुकडा कोणाचा हे त्यांना लक्षात असतं, आणि ज्या दोन माणसांचं पटत नाही त्यांचे तुकडे त्या शेजारी लावत नाहीत. "रात्रभर भांडतील," म्हणतात. "पांघरणाऱ्याच्या डोळ्याला डोळा नाय लागायचा." गल्लीतल्या दोन जावांनी आपल्या साड्या दिल्या तेव्हा काकींनी मधे दिराचं धोतर, दिराचा पंचा आणि वर एक उशीचा अभ्रा असा बंदोबस्त केला होता. कोणी हसलं तर त्या चिडत नाहीत. तुमच्याकडे असं बघतात की जणू तुम्ही विजेच्या तारेला हात लावायला निघाला आहात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलीला दिवस राहिल्याचं कळलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आशा सोडून दिल्यासारखीच होती, त्यामुळे घरात कोणी मोठ्याने आनंदही करत नव्हतं. तिचं सासर जवळच्या जिते गावात, जावई डोलवीला कंपनीत शिफ्टमध्ये. बाळंतपण आमच्याकडे व्हायचं होतं. बाळाची पहिली गोधडी माहेरची असते, आणि बायकोने पेणच्या बाजारातल्या तयार गोधड्यांना नाक मुरडलं. तिचं स्वतःचं मनगट न्हाणीघरात पडून मोडलं होतं, ते नीट बसलंच नाही. सुई काय, चमचाही ती डाव्या हाताने धरते. म्हणून आम्ही पापडाचे दोन डबे घेऊन रोह्याला गेलो, काकींना गोधडी सांगायला.

काकींनी पापड घेतले, काम घेतलं नाही.

"मी नाय शिवणार. बाळाची पहिली गोधडी घरातल्या हातांची."

बायकोने मनगट दाखवलं. काकींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि मग माझ्याकडे वळल्या. माझ्याकडे म्हणजे माझ्या मांडीवरच्या हातांकडे.

"ह्याच्या हातांना काय झालंय?"

"काही नाही," बायको म्हणाली. "वापरलेले नाहीत."

"मग बसेल हा. पेणकर, दर आठवड्याला यायचं. पापड आणायचे."

मी हसलो. दोघीही हसल्या नाहीत, तेव्हा मला कळलं की ठरलं.

सुरुवातीला गोधडी नव्हतीच. जुन्या उशीच्या अभ्र्याचे दोन थर एकावर एक ठेवून त्यावर नुसते सरळ टाके घालायचे होते. दोरा दुहेरी घ्यायचा, मेणावरून ओढायचा, गाठ दोन थरांच्या मधे लपवायची. सुईत दोरा ओवेपर्यंत माझा चहा निवायचा. काकींनी सांगितलं, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. मी अर्धा दिवस मान मोडून एक ओळ घातली आणि पुढे केली. काकींनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"हे तांदूळ नायत. पोहे हायत."

"पहिलीच वेळ आहे, काकी."

"पोहे वाईट असं मी कुठे म्हटलं? पेणचा माणूस, पोह्यांच्या गावचा, दुसरं काय पेरणार."

बायकोने ते घरी येऊन मुलीला फोनवर सांगितलं, मुलीने सासूला सांगितलं, आणि पुढचे कित्येक दिवस जावई मला विचारायचा, "बाबा, पोहे कुठवर आले?"

दुसरी चूक दोरा ओढण्याची. टाका घट्ट बसावा म्हणून मी प्रत्येक वेळी दोरा ताणायचो, आणि कापड चारी बाजूंनी वर यायचं, उन्हात घातलेल्या पापडासारखं. काकी म्हणायच्या, "अरे, बैल नाय तो. ओढतोस कशाला? दोरा आपला आपण बसतो." हे कळायला मला सगळा शिमगा गेला. कळलं तेव्हा मात्र हाताला कळलं. एका दुपारी ओळ संपली आणि कापड जसं होतं तसं सपाट राहिलं. मी बराच वेळ त्याच्यावरून तळवा फिरवत होतो. नोकरीत इतकी वर्षं हजेऱ्या लावल्या, तिथे असं कधी काही माझ्या हाताखाली सपाट झालं नव्हतं.

आणि तिसरी चूक मी घरी केली. मांडी घालून, सराव म्हणून घेतलेला मोठा तुकडा मांडीवर पसरून मी दुपारभर शिवत होतो. ओळी सरळ येत होत्या, टाके पोह्यांहून बारीक झाले होते. तेवढ्यात गॅसवाला आला. मी उठलो तर तुकडा माझ्याबरोबर उठला. तो लुंगीला शिवला गेला होता, चांगला चार ओळींनी. मी तसाच दारात गेलो. गॅसवाल्याने सिलिंडर ठेवला, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सही घेतली.

"राहू दे," बायको म्हणाली. "बाळाला तुमच्यासकटच पाठवू."

मग खरी गोधडी लावायचा दिवस आला. बायकोने कपडे काढून, खळ निघेपर्यंत धुऊन, वाळवून ठेवले होते. तिची हिरवी सुती साडी, मुलीची कॉलेजातली ओढणी, जित्याहून विहिणींनी पाठवलेलं लुगडं, जावयाचा कंपनीतला शर्ट, माझा एक मऊ झालेला पांढरा सदरा. काकींनी पडवी झाडून घेतली आणि गुडघ्यांवर रांगत तुकडे मांडायला लागल्या. कंपनीचा शर्ट त्यांनी हुंगला आणि बाजूला फेकला.

"शिफ्टचा वास हाय. बाळ रात्रपाळी करील."

विहिणींचं लुगडं आणि मुलीची ओढणी त्यांनी दोन टोकांना नेली. "सासू-सून हाय. मधे जावयाचं दुसरं काय तरी बसव. त्याला सवय असंल." त्याची एक जुनी लुंगी निघाली, ती मधे गेली.

"आता आतला थर," काकी म्हणाल्या. "पोरीची जुनी गोधडी आणली का? झिजलेली गोधडी नवीच्या पोटात जाते. मऊपणा तिथून येतो."

बायकोने पिशवीतून ती काढली. मुलीची तान्हेपणीची गोधडी. वरचे रंगीत तुकडे विरले होते आणि खालून धोतराचं पांढरं अंग दिसत होतं, अजून गुळगुळीत. काकींनी ती मधोमध पसरली. मी माझा सदरा तिच्यावर ठेवला, जिथे मोकळी जागा होती. काकींनी तो उचलून माझ्या मांडीवर परत ठेवला.

"हा इथे नाय बसायचा."

"का?"

"तुझं त्याच्याशी भांडण हाय."

"वडिलांशी? वडील जाऊन किती वर्षं झाली, काकी."

"वडिलांशी नाय. धोतराशी."

बायको उठून पाणी आणायला आत गेली. तिला सगळं माहीत होतं, आणि तिने कधीही कोणाला सांगितलं नव्हतं.

खरं काय झालं ते असं. मुलगी अशक्त जन्मली होती आणि थंडी कडाक्याची होती. मी नवी नोकरी लागल्याच्या तोऱ्यात बाजारातून आणलेलं झगझगीत ब्लँकेट तिच्या अंगाला टोचत होतं. काकी म्हणाल्या, जुनं मऊ सुती काय तरी काढ, बापाकडचं. आमच्या घरात जुनं असं काही नव्हतंच. खुंटीवर फक्त वडिलांचं तलम धोतर होतं. माझ्या लग्नात त्यांनी ते मला नेसायला दिलं होतं आणि सांभाळून परत कर म्हणून बजावलं होतं. ते मी खाली काढलं. मी स्वतः. काकींनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "कापा." त्यांनी एक टोक धरलं, दुसरं मी धरून उभा राहिलो. कात्री चालत माझ्या हातापर्यंत आली.

पुढे बारशाला वडील आले आणि पूजेला बसण्यापूर्वी त्यांनी धोतर मागितलं. वडिलांसमोर माझी जीभ कधीच वळायची नाही. मी म्हटलं, "काकींनी कापलं." काकी उंबऱ्यातच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वडिलांना म्हणाल्या, "व्हय, कापलं. पोरीला थंडी वाजत होती. तुम्ही नवं घ्या." वडिलांनी त्यांच्याकडचा चहा घेतला नाही. पेणला येऊन त्यांनी ते चारचौघांत सांगितलं, मी मान डोलावली, आणि मग हळूहळू ती गोष्ट मीच सांगायला लागलो, कारण मला ती त्यांच्यापेक्षा चांगली सांगता यायची.

"काकी," मी म्हटलं, "तुमचं फार नाव खराब केलं मी. येत्या बारशाला सगळ्यांसमोर खरं सांगतो."

"माझं काय खराब झालं?" काकींना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "पेणचं कोणी भेटलं की अजून विचारतात, कात्रीवाल्या काकी त्याच ना तुम्ही. मी पण सांगते ती. माझ्या गोष्टीत तू पाण्यात पडतोस." त्यांनी धोतरावरची एक सुरकुती हाताने काढली. "मला नको तुझं खरं. पण तू ती सांगायचास तेव्हा पोरगी कुठे असायची?"

पोरगी तिथेच असायची. लहान होती तेव्हा मांडीवर, नंतर पाणी वाढत, नंतर दाराशी उभी. सगळे हसायचे तेव्हा तीही हसायची. 'पोरीसाठी कोणी धोतर फाडतं का.' ती पोर म्हणजे तीच होती.

"तेवढं कर," काकी म्हणाल्या. "मग सदरा आण. तोवर ही जागा उघडी राहील."

बाळ यायला फार दिवस उरले नव्हते. मी पेणला आलो आणि दोन-तीनदा बोलायचं ठरवून बोललो नाही. मुलगी पाय वर घेऊन बसलेली असायची, बायको काही ना काही खायला पुढे ठेवायची, आणि मला वाटायचं, आता नको, तिला त्रास होईल. आता मागे वळून पाहतो तर त्रास मलाच होणार होता. शेवटी एका दुपारी ती ओटीवर वरणभात आणि नवं कैरीचं लोणचं खात होती, तेव्हा मी तिच्या बाजूला बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. धोतर मी काढलं. दुसरं टोक मी धरलं होतं. ते वाक्य मी कधी ओरडलोच नव्हतो. ते मी हशासाठी घातलं.

ती जेवत राहिली. मग म्हणाली, "मग आजोबांना का नाही सांगितलंत?"

"घाबरलो."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने लोणच्याची फोड चोखून ताटाच्या कडेला ठेवली. "मी लहानपणी तुमच्या कपड्यांना कधी हात लावायची नाही, आठवतं? घडी करायलासुद्धा नाही. आई रागवायची. मला वाटायचं, माझ्यामुळे परत काहीतरी फाटेल."

आठवत होतं. पोर किती टापटीप आहे, बापाच्या कपड्यांना हात पुसत नाही, म्हणून मी पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो.

तिने सावकाश हात पुढे केला आणि ती पाचही बोटं, तेल, मसाला, मोहरीसकट, माझ्या अंगातल्या सदऱ्याच्या बाहीला पुसली. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, नीट. मग म्हणाली, "ताक आहे का?"

आतून बायको म्हणाली, "तो डाग जायचा नाही हं." तिचा आवाज खुशीत होता.

मी तोच सदरा धुऊन, तोच घालून रोह्याला गेलो. पांढरा मऊ सदरा पिशवीत होता. काकींनी पिशवीकडे पाहिलंच नाही. माझी बाही दोन बोटांत धरली आणि हुंगली.

"लोणचं?"

"हो."

"पोरीचं?"

"हो."

"काढ."

"काकी, मी परत जाऊ काय घालून? पिशवीतला घ्या ना."

"त्याला पोरीचा हात नाय लागलेला. हा काढ."

कात्री गळ्यातून हातात आलेली होती. मी सदरा काढला. पिवळ्या डागाचा तुकडा त्यांनी धोतराच्या मधोमध ठेवला, चार बाजूंनी कच्चे टाके घातले आणि सुई माझ्याकडे दिली. पिशवीतल्या सदऱ्याची आठवण मला झाली तेव्हा त्याच्याही पट्ट्या होऊन कडेला लागल्या होत्या. मी नुसत्या गंजीफ्रॉकवर शिवत राहिलो. संध्याकाळच्या गाडीने खांद्यावर काकींचा पंचा टाकून आलो. नागोठण्याला कंपनीतले एक जुने सोबती चढले. त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि मग मला विचारलं, "बरं चाललंय ना?" मी म्हटलं, "फार बरं चाललंय," आणि ते खरं होतं.

गोधडी वेळेत झाली. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी त्यात चार तांदूळ घालायचे असतात, गोधडीचं पोट भरलेलं असावं म्हणून. ते मुलीने घातले. काकी व्हिडिओ कॉलवर बघत होत्या आणि मधेच मुलीला विचारत होत्या, ही अंगावरची ओढणी कधी टाकणार. टाके म्हणाल तर एका बाजूला पोहे, एका बाजूला तांदूळ. मी कुठून सुरुवात केली आणि कुठे संपवलं हे आंधळ्यालाही हाताने कळेल. चार दिवसांनी नात झाली.

बारशाला काकी रोह्याहून आल्या. सगळ्यांना घुगऱ्या वाटून झाल्या आणि माझ्या चुलतभावाने नेहमीप्रमाणे फर्माईश केली, "ती धोतराची होऊ द्या. आज तर कात्रीवाल्या काकीच आल्यात."

मी उभा राहिलो आणि खरी सांगितली. नाकात न बोलता. कोणी हसलं नाही. काही बायकांनी मुलीकडे पाहिलं, ती नातीला गोधडीत गुंडाळत होती. जरा वेळाने चुलतभाऊ म्हणाला, "आधीची बरी होती."

"व्हय," कोपऱ्यातून काकी म्हणाल्या. तोंडात घुगऱ्या होत्या. "ह्याला सांगता येत नाय. मी सांगते." आणि त्यांनी सांगितली. तिच्यात पेणकर गोधडी शिकायला रोह्याला येतो, काकी त्याचा सदरा मागतात, तो देत नाही, मग त्या त्याच्या मागे धावतात, स्टेशनपर्यंत, एकेक कपडा कापत, आणि शेवटी पेणकर आहे तसा गाडीत बसतो आणि नागोठण्याची माणसं दुसऱ्या डब्यात जातात. हशा थांबेना. माझी मुलगी सगळ्यात मोठ्याने हसत होती, डोळे पुसत.

तेव्हापासून रामवाडीत तीच गोष्ट चालू आहे. मी कुठे गेलो की ती आधी पोहोचलेली असते. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. धोतर मी दिलं होतं. सदरे काकींनी घेतले, तेही खरं. पण पँट माझ्या अंगात होती.